प्रभूभोजनाच्या मनुका

मी आयुष्यात फारसा पळालेलो नाही. शाळेत खेळाच्या तासाला मी वाचनालयात बसायचो. पुढे त्याच शाळेत ग्रंथपाल झालो आणि पळण्याचा प्रश्नच मिटला. नेरच्या बसस्टँडवर डोळ्यांदेखत यवतमाळची गाडी सुटली, तरी पुढच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसून राहणारा मी माणूस. यंदाच्या ईस्टरच्या सकाळी पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि चामडी चपला अशा थाटात भर रस्त्यातून पळताना ज्यांनी मला पाहिलं, त्यांना मी वेडा झालो असं वाटलं असेल तर त्यांचं काही चुकलं नाही. पत्नी जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. हे लिहून काढायला मला बरेच आठवडे लागले. लिहायला बसलो की त्या सकाळची धांदल पुन्हा अंगात शिरते आणि वाक्यं पुढे धावतात. मग त्यांना परत आणावं लागतं.

आमची मंडळी लहान आहे. चाळीस-पन्नास माणसं, पत्र्याच्या छपराचं चर्च, अंगणात एक मोठा कडुनिंब. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि सणाच्या दिवशी प्रभूभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट प्रत्येकाला मिळतो. आमच्याकडे द्राक्षांचे मळे नाहीत आणि चर्चमध्ये दारू चालत नाही, म्हणून हा द्राक्षारस काळ्या मनुकांचा करतात. गेली अठ्ठावीस वर्षं तो माझी पत्नी करत होती.

ती राजूरची. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या बापाची मुलगी. खाणीत उतरायच्या आधी बाप रोज दारात उभा राहून दोन मिनिटं प्रार्थना करायचा आणि मग डबा उचलायचा, हे तिनं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणायचं. मला सर म्हणायचे, पण चर्चमध्ये माझी ओळख 'बाईचे सर' अशी होती. ते मला आवडायचं. उपासनेत ती पुढे बसून मोठ्यानं गायची, मी मागे बसून ओठ हलवायचो. विश्वास तिच्याकडे होता. मी तो तिच्याकडून पुस्तकासारखा घरी नेऊन वाचत होतो, आणि परत करायची वेळ कधी येईल असं मला वाटलं नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी तिला यवतमाळच्या दवाखान्यात भरती केलं. जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी, नाकात नळी असताना, तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"परवा पहिला रविवार आहे. घरी जा आणि मनुका भिजवून या."

मी म्हणालो, "वेड लागलं का तुला?"

"एका बसचं तर अंतर आहे. भिजवायच्या आणि परत यायचं."

मी गेलो नाही. त्या दिवशी मला देवाचा एवढा राग आला होता, की त्याच्यासाठी चमचाभर पाणी तापवायचीही माझी तयारी नव्हती. मी त्याच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती आणि ती मिळणार नाही, हे डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळत होतं. शेवटी तिनं फोन करून मंडळीतल्या मावशींना बोलावलं. मावशी सगळ्यांच्याच मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, जिभेला धार. त्या आल्या. मला बाहेर चहा प्यायला पाठवून दोघी अर्धा तास बोलल्या. जाताना मावशींच्या पिशवीत आमच्या घराची किल्ली होती. त्यानंतर बारा दिवसांनी ती गेली.

मातीच्या वेळी जो तो म्हणत होता, बाईचा विश्वास लय मजबूत होता. खडक होता, खडक. मी मान डोलावत होतो. मनात येत होतं, असेल. तो खडक तिच्याबरोबर खाली गेला. माझ्याकडे काय उरलं?

फेब्रुवारी आणि मार्चच्या प्रभूभोजनाला मी चर्चमध्ये होतो, पण द्राक्षारसाच्या छोट्या ग्लासांचा ट्रे समोर आला तेव्हा मी तो पुढे सरकवला. प्रभूभोजनाच्या आधी जे वाचन होतं, त्यात प्रत्येकानं आधी स्वतःला तपासावं आणि मगच प्यावं असं सांगितलेलं आहे. आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेला माणूस लिहिलेलं गंभीरपणे घेतो. मी स्वतःला तपासलं, आत राग सापडला, म्हणून मी प्यालो नाही. लहान मंडळीत ही गोष्ट लपत नाही. कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी आले. तरुण आहेत, मागच्याच वर्षी आमच्याकडे नेमणूक झाली आहे. चहा संपेपर्यंत ते उन्हाबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "सर, मावशींचे हात आता चालत नाहीत. ईस्टरचा द्राक्षारस कोण करणार हे ठरवायचं आहे."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "मी करतो."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि घेणार ना? त्या दिवशी?"

"करून देतो. घेण्याचं पाहू."

ते गेले. जानेवारीत मी तिला जे नाही म्हटलं होतं, ते आता करायला निघालो होतो. उशिरा का होईना, पण तिचं काम माझ्या हातात आलं होतं. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आनंदही वाटत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला उद्या उजाडण्याची घाई झाली.

तिच्या स्वयंपाकाच्या वहीत शेवटच्या पानावर कृती सापडली. मनुका बियांच्या घ्याव्या. तीन पाण्यांनी धुवाव्या. शुक्रवारी संध्याकाळी कोमट पाण्यात भिजवाव्या, पाणी दोन बोटं वर. शनिवारी हातानं कुस्कराव्या, मिक्सर नाही, चार गाणी होईपर्यंत. मंद आचेवर एक गाणं. मलमलच्या फडक्यातून गाळावं. पिळू नये, गळू द्यावं. घट्ट वाटलं तर उकळून गार केलेलं पाणी घालावं.

चार गाणी होईपर्यंत. तिच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सुक्या मेव्याचं दुकान बसस्टँडच्या अलीकडे आहे. दुकानदार मुसलमान, माझ्याच वयाचे, त्यांची मुलं माझ्या वाचनालयातून गोष्टींची पुस्तकं नेत असत. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी खालच्या कप्प्यातून एक पुडा काढला.

"बियावाल्या आहेत सर. भाभींनी एकदा बिनबियाच्या वापस केल्या होत्या. म्हणे, बी नाही तं चव कुठून येईन. तवापासून दर महिन्याले बाजूला काढून ठेवतो."

"ह्यावेळी मी करणार आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही? चहा येते का तुम्हाले?"

"येतो."

"मंग दमानं करा. कशा झाल्या ते मले येऊन सांगा."

शुभ शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना आटोपून मी घरी आलो आणि मनुका भिजवल्या. चिंचोक्यासारख्या कडक, सुरकुतलेल्या मनुका. शनिवारी सकाळी झाकण काढलं तर त्या टपोऱ्या फुगल्या होत्या, पाणी तपकिरी झालं होतं आणि स्वयंपाकघरात तिच्या शनिवारांचा वास होता. मी बाह्या वर केल्या. गाणं आलं पाहिजे म्हणून दार लावून घेतलं आणि गायला लागलो. अठ्ठावीस वर्षं ओठ हलवल्यामुळे शब्द सगळे पाठ होते, फक्त आवाज कधी लावला नव्हता. पहिलं गाणं मी कुजबुजलो. तिसऱ्या गाण्यापर्यंत आवाज बराच वर गेला होता.

भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी हाक दिली. "सर, कोण आलं घरी?"

"कोणी नाही, मीच आहे."

"मंग बरं हाय. म्या म्हटलं रेडिओ बिघडला काय."

हाताला मनुकांचा गर चिकटला होता, कपाळावर घाम होता आणि मी एकटाच हसत होतो. फडक्यातून रस गळायला तासभर लागला. पिळायचा मोह झाला, पण पिळला नाही. रस सरबताच्या एका जुन्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवला. संध्याकाळी उगाच शंका आली की दारात तो पुरेसा गार राहणार नाही, म्हणून तिथून काढून आत, मागच्या बाजूला सरकवला.

सकाळी हे मी साफ विसरलो. लाइट गेली होती, फ्रिजमध्ये अंधार होता. हात सवयीनं दाराकडे गेला. तिथे बाटली होती, तशीच, सरबताची जुनी काचेची बाटली. ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निघालो. तिच्या गोष्टींना मी तीन महिने हात लावला नव्हता. फ्रिजच्या दारात तिच्या कुठल्या बाटल्या आहेत, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

चर्चच्या मागच्या खोलीत मी एकट्यानं छोटे ग्लास भरले. रस जरा घट्ट वाटला, तेव्हा वहीत लिहिल्याप्रमाणे उकळून गार केलेलं पाणी घातलं. खिडकीतून ऊन येत होतं. ग्लासातला रंग असा लालबुंद चमकला की मी दोन पावलं मागे जाऊन पाहत राहिलो. तिला इतक्या वर्षांत असा रंग कधी साधला नव्हता. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवायला हवं.

चर्च भरलं होतं. नवे कपडे, मोगऱ्याचे गजरे, पंख्याविना वारा घेणारे हात. पाळकांनी वाचन केलं, आशीर्वाद मागितला, ट्रे फिरले. आमच्याकडे प्रत्येक जण आपला ग्लास हातात धरून थांबतो आणि मग सगळे एकदम पितात. मी केलेला रस आहे म्हणून यावेळी मी ग्लास घेतला. पण नुसता हातात धरायचा, प्यायचा नाही, असं ठरवलेलं होतं. पाळक म्हणाले, घ्या. सगळ्यांनी माना वर करून ग्लास रिकामे केले.

डाव्या बाजूला कोणीतरी खोकलं. मग उजव्या बाजूला. मग मधल्या दोन रांगांमध्ये ठसका लागल्याचा आवाज आला आणि बायकांनी पदर तोंडावर धरले. पाळक टेबलाशी रिकामा ग्लास धरून उभे होते. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ते भक्तीनं भरलेले नव्हते. पहिल्या रांगेतल्या मावशींनी ओठांवरून जीभ फिरवली, सावकाश वळल्या आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी ग्लास नाकाशी नेला. सुंठ.

ती दर हिवाळ्यात अंबाडीची लाल बोंडं आणून सरबताचा पाक करून ठेवायची. उन्हाळ्यात उपासना सुटली की कडुनिंबाखाली सगळ्यांना ते सरबत मिळायचं. आंबट, गोड, भाजलेलं जिरं आणि वरून सुंठ. सुंठ ती नेहमी जास्त घालायची. बाईच्या सरबताचा ठसका म्हणून मंडळीत त्याची थट्टा चालायची. यंदाचा पाक तिनं दवाखान्यात जायच्या आधी केला असणार. मी तो प्रभूच्या मेजावर नेऊन ठेवला होता.

चर्चमध्ये मी कधी उभा राहून बोललो नव्हतो. पण त्या दिवशी उभा राहिलो. ग्लास बाकावर ठेवला.

"थांबा. चूक झाली. बाटली चुकली. हे तिचं सरबत आहे."

"सांगता काय," मावशी म्हणाल्या. "पहिल्याच घोटाले ओळखलं म्या. एवढी सुंठ दुसरं कोन टाकते?"

मागून एक हसला, मग दोघे, आणि मग सगळं चर्च हसायला लागलं. तिच्या शाळेत तिच्या शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या एक बाई हसता हसता रडायला लागल्या. पाळकांनी रुमालानं डोळे पुसले.

"सर, हे आम्हाला शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "खरी बाटली कुठं आहे?"

"घरी. फ्रिजमध्ये. मागच्या बाजूला."

"मग आणा. आम्ही गातो तोवर."

कोणीतरी मोटारसायकलची किल्ली काढत होतं, पण तोपर्यंत मी दाराबाहेर होतो. मी पळत होतो. चपला फटफट वाजत होत्या, मागे गाणं सुरू झालं होतं, ऊन डोक्यावर चढत होतं. बाजार समितीच्या फाटकाशी कापसाची रिकामी गाडी उभी होती, तिला वळसा घातला. दम लागला, तरी थांबलो नाही. मी साठीचा माणूस, तीन महिन्यांचा विधुर, आणि मला हसू येत होतं. गावातल्या चाळीस-पन्नास माणसांच्या तोंडात आत्ता या क्षणी तिच्या हातची चव होती.

घरी जाऊन खरी बाटली काढली, उजेडात धरून पाहिली. तपकिरी, साधा रंग. झाकण उघडून वास घेतला. मनुका.

परतताना दुकानापाशी मेवावाल्यांनी मला अडवलं. ते कुलूप उघडत होते.

"सर, काहून पळून राह्यले? काय झालं?"

मी धापा टाकत दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कुलूप तसंच लटकत ठेवलं आणि स्कूटरला किक मारली. "बसा मांगं. बाटली मांडीवर धरा, रस्त्यात खड्डे लय हायेत."

चर्चमध्ये तिसरं गाणं चालू होतं. मावशी मागच्या खोलीत ग्लास धुऊन, उपडे घालून माझी वाट पाहत होत्या. त्यांची बोटं वाकडी झाली आहेत, तरी त्यांनी एकेक ग्लास पुसला होता. मी ओतायला लागलो.

"तुमच्यासाठी बी भरा," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी नाही घेणार."

"कायले?"

"माझ्या मनात राग आहे. अजून आहे. असा राग ठेवून कसं प्यायचं?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "आन् त्या बाईच्या मनात नव्हता काय?"

मी बाटली खाली ठेवली.

"दवाखान्यात मले बलावलं, तुमाले चहाले धाडलं, ते कायले वाटते तुमाले? पोटभर बोलून घेतलं बाईनं. म्हणे, मावशी, मी देवावर इतकी रागावली हाये का आज तोंडातून प्रार्थनेचा एक शब्द निंघून नाही राह्यला. म्या म्हटलं, मंग राहू दे, यावेळी मनुका राहू दे. तं मलेच म्हणते, राग माझा अन् त्याचा हाये, त्यात मंडळीनं काहून उपाशी राहावं? किल्ली घे, म्हणे, अन् चार गाणे म्हणजो, तीन म्हणू नको."

"मला हे कधी बोलली नाही."

"तुम्ही आधीच भडकून बसले होते. दोघंही भडकले तं दवाखान्यात डबा कोण कोणाले खाऊ घालीन, असं म्हणत होती." त्यांनी ट्रेमधला एक ग्लास माझ्यापुढे सरकवला. "भरा."

मी भरला.

तिच्या रागाबद्दल मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. ज्याला सगळे खडक म्हणत होते, त्याच्या आत एवढं हललेलं होतं, आणि तिचे हात मात्र शनिवारचं काम सोडत नव्हते. मजबूत विश्वास म्हणजे न हलणं, असं मी समजत आलो होतो. ती हलली होती. हललेल्या अवस्थेत तिनं किल्ली मावशींच्या हातात दिली. तिचा बाप दारात उभा राहून जी दोन मिनिटं घालवायचा, त्यांत त्याला भीती वाटत नसेल असं मी कशावरून धरून चाललो होतो?

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी एवढा विचार करायला सवड नव्हती. गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं आणि पाळक दारातून डोकावत होते. आम्ही ट्रे बाहेर नेले. मी माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. शर्ट पाठीला चिकटला होता, श्वास अजून जागेवर आला नव्हता. बाकावर माझा पहिला ग्लास, सरबताचा, तसाच भरलेला होता. पाळक म्हणाले, घ्या. मी सगळ्यांबरोबर मान वर केली आणि प्यालो.

राग गेला असं मी लिहिणार नाही. गेला नव्हता. मनुकांच्या रसाबरोबर तोही खाली उतरला आणि दोघंही आत राहिले. मनुका थोड्या जास्त शिजल्या होत्या. बियांची चव घशाशी किंचित तुरट लागली. चार गाणी मी जरा घाईनं म्हटली असावीत.

उपासना सुटली तेव्हा मेवावाले अजून कडुनिंबाखाली स्कूटरला टेकून उभे होते. "कशा झाल्या मनुका?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या झाल्या. अजून शिकायचं आहे."

"पुढच्या महिन्याले ठेवू मंग?"

"ठेवा," मी म्हणालो.

तोवर मावशींनी सरबताची बाटली बाहेर आणून माठाशी ठेवली होती आणि पाणी घालून पेल्यांत ओतायला सुरुवात केली होती. पहिला पेला मेवावाल्यांना दिला. त्यांना ठसका लागला. "हां," ते म्हणाले, "हे बरोबर हाये." माणसं पेले घेऊन सावलीत उभी राहिली, एकमेकांच्या ठसक्यांवर हसत. बाटली लवकर संपली, पुन्हा भरायला काही नव्हतं. मी आत जाऊन बाकावरचा माझा ग्लास आणला आणि तो त्यांच्यात उभा राहून, घोट घोट करत, प्यालो.